घरच्या रंगकामाचं पाणी सेप्टिक टँकला जोडावं का? (काळी जमीन, जवळ विहीर)

पळसफूल
नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे आमचं गाव. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सहा जणी सुती स्टोल, ओढण्या, साड्या रंगवतो. निम्मं काम नैसर्गिक रंगांचं: पळसाची फुलं, डाळिंबाची साल, हिरडा, मंजिष्ठा. त्याला तुरटी आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) लागतं, हिरवट छटेसाठी थोडं मोरचूद (तांब्याचा क्षार). उरलेलं काम रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक जोड धरणाऱ्या कृत्रिम) रंगांचं, त्यात मीठ आणि धुण्याचा सोडा. शिवाय निळीचं, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (नीळ विरघळवायला लागणारं सोडियम हायड्रोसल्फाइट). मधूनच बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवायच्या कापडाची, ऑर्डर येते.

आता घरी नवा सेप्टिक टँक बांधून झाला, पुढं शोषखड्डा आहे. गवंडी म्हणतो, शेडच्या मोरीचा पाइप टाक्यालाच जोडून टाकू, खर्च वाचेल आणि रंगीत पाणी कोणाला दिसणार नाही. सध्या ते मागच्या नालीत जातं, शेजारी कुरकुरतात, आणि त्यांचं काही चूक नाही. शोषखड्ड्यापासून विहीर पंधराएक पावलांवर. त्या विहिरीचं पाणी आम्ही आणि शेजारची दोन घरं पितो. जमीन काळी, खाली मुरूम.

जोडू की नको? नको असेल तर हे पाणी न्यायचं कुठं? "टाकू नका" एवढंच सांगून थांबू नका कृपया, खेड्यात दुसरी सोय नसते.

वऱ्हाडी_मिरची
जोडा बिनधास्त. आमच्याकडं सगळेच जोडतात, काही होत नाही. महिन्यातून एकदा शेणकाला सोडायचा टाक्यात, जिवाणू खाऊन घेतात सगळं.

निवृत्त_प्रयोगशाळा
मिरचीभाऊ, शेणातले जिवाणू शेण पचवतात, तांबं पचवत नाहीत. तांब्यानं ते मरतात. संत्र्यावर मोरचूद कशासाठी मारतात? बुरशी मारायलाच ना?

पळसफूलताई, टाक्यात काय चालतं ते आधी बघू. घाण आत येते, जड भाग तळाशी बसतो, तेल-चरबी वर तरंगते, आणि मधलं पाणी दुसऱ्या तोंडानं शोषखड्ड्यात जातं. हवा नसलेल्या त्या जागेत जिवाणू तळचा गाळ सावकाश पचवत बसतात. पाणी मात्र आत जेमतेम एक-दोन दिवस थांबतं. जे सडण्यासारखं आहे ते तिथं सडतं. जे सडत नाही ते एक तर गाळात साठतं, नाही तर पाण्याबरोबर पुढं जातं. तिसरी वाट नाही. तुमचा एकेक पदार्थ याच हिशेबानं तपासा.

मीठ सडत नाही, बसतही नाही. जसं गेलं तसं शोषखड्ड्यात उतरतं. गडद रंगाला लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे शंभर लिटरच्या एका हौदात पाच ते आठ किलो. आठवड्याला असे दोन हौद धरले तर वर्षाचं किती होतं ते तुम्हीच मांडा.

धुण्याच्या सोड्यानं पाण्याचा सामू (pH) साडेदहा-अकरापर्यंत चढतो. जिवाणूंना सातच्या आसपास मानवतं. थोडं पाणी आलं तर टाकं सोसतं, शंभर लिटर एका दमात आलं तर नाही. शिवाय एवढा लोंढा आला की तळचा गाळ ढवळतो आणि शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रं बुजवतो. साधं पाणी असतं तरी हेच झालं असतं.

रिॲक्टिव्ह रंग कापडाला साधारण ६० ते ८० टक्के धरतो, बाकी धुण्याच्या पाण्यात. यातले बरेच रंग ॲझो जातीचे असतात. टाक्यातले जिवाणू रेणूची मधली जोडणी तोडतात, पाणी फिकट होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं साफ झालं. पण तुटल्यावर जे तुकडे उरतात ती ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं. त्यांना पुढं पचवायला हवा लागते, आणि टाक्यात ती नाही. त्यातली काही मूळ रंगापेक्षा वाईट. म्हणून रंग दिसेनासा झाला एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

हायड्रोचं पाणी हवा लागून शेवटी सल्फाइट-सल्फेट होतं. हवेविना राहणारे जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात, कुजक्या अंड्याच्या वासाचा. तो स्लॅबच्या आतल्या ओल्या बाजूला चढतो, तिथं दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीट खालून झिजत जातं. वरून स्लॅब धडधाकट दिसतो, आतून सळई उघडी पडलेली असते. त्याच स्लॅबवर पोरं खेळतात.

आता मोरचूद. आणि कोणी पोटॅशियम बायक्रोमेट वापरत असेल तर तेही. ही दोन टाक्यात थेंबभरसुद्धा नकोत. तांबं गाळात साठतं आणि मैला काढताना कुठल्या तरी शेतात जातं. बायक्रोमेटमधलं सहा-संयुजी क्रोमियम तर पाण्यात विरघळतं आणि ते कर्करोगजनक आहे.

कापूसवेचा
पण नैसर्गिक रंगाचं पाणी तर चालेल ना? पळसाची फुलं आणि हिरडाच तर आहे.

निवृत्त_प्रयोगशाळा
फुलं आणि साल हा झाडपाला, त्याचं काही नाही. चोथा खताच्या खड्ड्यात टाका. पाणी कसं आहे ते ठरतं रंग पक्का करायला काय वापरलं त्यावरून. तुरटी आणि हिराकस त्या मानानं सौम्य. मोरचूद सौम्य नाही. 'नैसर्गिक' असं लेबलावर लिहिलेल्या हिरव्या आणि तपकिरी कपड्यांत मोरचूद सर्रास असतं, गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही एवढंच.

मुरूम_आणि_माती
मी भूजलाच्या कामात होतो. दोन मुद्दे.

पहिला, विहीर. भारतीय मानक २४७० मध्ये शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून निदान १८ मीटर दूर हवा असं आहे. तुमची पंधरा पावलं म्हणजे दहा-बारा मीटर. ते अंतरही मैल्यातल्या जंतूंचा विचार करून ठरवलेलं आहे. मातीतून जाताना जंतू मरतात, मीठ मरत नाही. नुसता संडासच जोडलेला असता तरी मी त्या विहिरीचं पाणी तपासायला सांगितलं असतं.

दुसरा, काळी माती. पाऊस पडला की ती फुगते आणि पाणी जवळपास घेतच नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांतून वरचं पाणी थेट मुरमात आणि तिथून कातळाच्या फटींत. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा हा बहुतेक काळ्या कातळाचा पट्टा. फटींतून विहिरीकडं जाणारं पाणी गाळून निघत नाही.

मिठाची गोष्ट तर याहून वाकडी. मिठातला आणि सोड्यातला सोडियम चिकणमातीच्या कणांना धरतो, कण सुटे होतात आणि त्यांचा चिखल होऊन बसतो. शोषखड्ड्याच्या भिंतीला असा थर आला की पाणी मुरणं थांबतं. मग टाकं उलटं तुंबतं, संडासातून पाणी वर येतं, आणि लोक म्हणतात बांधकाम खराब. पूर्णा नदीच्या खाऱ्या पट्ट्यात दर्यापूर-अकोल्याकडं खारं पाणी देऊन जमीन कशी निबर होते हे शेतकऱ्यांना माहीत आहे. तेच आपण अंगणात हातानं करतोय.

वऱ्हाडी_मिरची
हे मातर खरं. आमच्या शेजारच्याचा खड्डा दोन सालात बसला, त्यांच्या घरी साड्या डाय करतात. आतापर्यंत सगळे गवंड्यालाच शिव्या देऊन राहिले होते.

गवंडीदादा
घ्या! शेवटी गवंडीच सापडतो तुम्हाले.

ताई, मी बी गवंडीच हाओ, समुद्रपूरकडं कामं करतो. तुमच्या गवंड्याले त्या पाण्यात काय हाय ते कोणं सांगतलंच नसंल. त्यानं पाइप पायला, जोडतो म्हणला. पण एक इचारतो, तुमचं खरंच सेप्टिक टँक हाय का दोन खड्ड्यांचं शौचालय हाय? गावात दोन्हीले लोक टाकंच म्हणतात. दोन खड्डे असले, ईट जाळीची असली, तर पाणी सरळ मातीत मुरते अन् मैल्याचं दीड-दोन सालानं सोनखत होते. ते आपण वावरात टाकतो, वांगे-टमाट्याले टाकतो. त्याच्यात मोरचूद गेलं म्हणजे आपल्याच वांग्यात.

अन् एक गोष्ट हात जोडून सांगतो. टाकं तुंबलं म्हणून कोणाले आत उतरवू नका. ॲसिड ओतून मोकळं करतो म्हणणाऱ्याले तर दारातूनच परत पाठवा.

निवृत्त_प्रयोगशाळा
गवंडीदादांनी सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं, त्यात थोडी भर घालतो. टाक्यातल्या गाळात सल्फाइड असतंच. त्यावर ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. थोडा असला तर वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला, तो खाली वाकतो आणि तिथंच पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. संरक्षक साधनं न देता माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. खेड्यात हा कायदा पोचलेला नाही, वायू मात्र सगळीकडं सारखाच. उपसा करायचा तर यंत्राची गाडी बोलवा.

रंगकाम करणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. हायड्रोच्या पाण्यात ॲसिड पडलं तर सल्फर डायऑक्साइड सुटतो. ब्लीचिंगच्या पाण्यात ॲसिड पडलं तर क्लोरीन. आणि हायड्रोचा डबा पावसाळ्यात ओल धरून आपोआप तापतो, पेटूही शकतो. घट्ट झाकण लावून कोरड्या, उंच फळीवर ठेवा. सगळी पाणी एकाच पिंपात गोळा करायची सवय असेल तर ती आजच मोडा.

संत्रावाला
मोर्शी-वरुडकडचा हाओ, मोरचुदाशी आमचा जन्माचा संबंध. ताई, मोरचुदाच्या उरलेल्या पाण्याले चुना दाखवा. आमी एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवाऱ्याचं औषध) करतो तवा १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी असं धरतो. चुना कमी पडला का मोकळं तांबं पानं जाळते. म्हणून फवाऱ्याआधी चकचकीत लोखंडी विळा नाही तर खिळा त्याच्यात बुडवून पाहतो. लोखंडावर तांबूस थर बसला तर तांबं मोकळंच हाय, आणखी चुना घाला. थर नाही बसला तर झालं. तुमच्या हौदालेबी हेच लागू.

पळसफूल
अरे वा, हे तर घरचंच निघालं! माझे सासरे बोर्डो करायचे तेव्हा विळा बुडवताना पाहिलंय, पण रंगाच्या पाण्याशी कधी जोडलं नव्हतं. मग दादा, ते चुना घातलेलं पाणी संत्र्यावरच फवारलं तर?

संत्रावाला
नका हो बाप्पा. बोर्डो केल्या दिवशीच मारायचा असते, अन् तुमच्या पाण्यात रंग, मीठ, काय काय हाय. झाडाले मिठाचं पाणी पाजता का?

निवृत्त_प्रयोगशाळा
विळ्याची कसोटी उत्तम, मी विद्यार्थ्यांना हीच दाखवायचो. फक्त तिची मर्यादा लक्षात ठेवा. लोखंडावर काही दिसलं नाही म्हणजे तांबं बरंच बसलं, शून्य झालं असं नाही. पिण्याच्या पाण्याच्या मानकात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा उगम नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. कारखान्यांना नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम. एवढं थोडं तांबं विळ्याला कळत नाही. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या आणा, बाजारात स्वस्त मिळतात. चुना थोडा थोडा घालत सामू नऊच्या आसपास आला की थांबा, रात्रभर निवळू द्या, वरचं नितळ पाणी हळूच काढा. तळाशी निळसर गाळ राहतो, त्यात तुमचं तांबं.

आणि ताई, एक युक्ती. तुरटीचा आणि हिराकसाचा संपत आलेला हौद वेगळा फेकू नका. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तेच काम रंगीत पाण्यातही होतं. दोन्ही पाणी (हायड्रोचं आणि ब्लीचिंगचं सोडून) एकत्र करून वर चुन्याची निवळी घातली की जाडसर गोळे धरतात आणि बराच रंग घेऊन खाली बसतात. नैसर्गिक रंगात झकास जमतं. रिॲक्टिव्ह रंग फिका होतो, पूर्ण जात नाही.

झाडीपट्टी
मी भंडाऱ्याची जी. आमच्याकडं कोसा (रानरेशमाचे कोश) उकळतात, साबण आणि सोडा घालून. त्या पाण्याचं काय करायचं? बुळबुळीत असते, दोन दिवसांत घाण वास मारते.

निवृत्त_प्रयोगशाळा
कोशाचा डिंक म्हणजे प्रथिनच, ते सडतं, आणि सडणारी वस्तू टाक्याला चालते. अडचण सोड्याची आणि उकळत्या पाण्याची. पूर्ण गार करा, सामू पट्टीनं बघून आठच्या आसपास आणा आणि एकदम न ओतता थोडं थोडं सोडा. साबणाची साय टाक्यात वर जाड थर धरते, म्हणून उपसा जरा लवकर करावा लागेल. या धाग्यात आतापर्यंत आलेल्यांपैकी टाक्यात जायच्या लायकीचं पाणी हे एकच.

पितळकाम
मीही भंडाऱ्याचाच. पितळेच्या पाट्यांवर नावं कोरतो, फेरिक क्लोराइडनं. वापरलेलं द्रावण हिरवंकाळं होतं. सध्या कॅनमध्ये साठवून ठेवतोय, कारण ओतायची भीती वाटते. चुना चालेल का इथं?

निवृत्त_प्रयोगशाळा
भीती रास्त आहे, ओतू नका. ते जोरदार आम्ल, लोखंडी पाइप खातं, आणि आता त्यात तांबं आणि जस्त दोन्ही. आधी त्यात गंजलेले खिळे, लोखंडाचा कीस टाकून प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवा. तांबं लोखंडावर भुकटी होऊन बसतं. जस्त मात्र असं बसत नाही, म्हणून पुढं चुना लागतोच. काम उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून, चमचा चमचा चुना टाकत. धुण्याचा सोडा वापरलात तर फसफसून उतू जाईल. कॅनचं झाकण घट्ट लावून ठेवू नका, वायू कोंडतो. कॉस्टिकनं करू नका, जास्त झालं की बसलेलं जस्त पुन्हा विरघळतं.

आणि खरं सांगू? फेरिक क्लोराइड मंद झालं म्हणून लोक फार लवकर फेकतात. थोडं कोमट करून, नवं थोडं मिसळून ते बरंच चालतं. कमी टाकावं लागणं हीच यात खरी बचत.

बांबूवेडा
चंद्रपूरकडून. बांबूला भुंगा लागू नये म्हणून आम्ही बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या हौदात बुडवतो. हे तर औषधात, कॅरमच्या पावडरीत असतं, मग टाक्यात सोडायला हरकत नसावी. हौद बदलताना मागच्या लिंबाच्या झाडाखाली ओततो. त्या लिंबाची पानं कडेनं जळतायत, ते का ते कळत नाही.

संत्रावाला
😂 सापडलं ना कारण?

मुरूम_आणि_माती
लिंबू-संत्रा ही झाडं बोरॉनला सगळ्यात नाजूक. ओलिताच्या पाण्यात लिटरला अर्धा-पाऊण मिलिग्रॅम बोरॉन झालं तरी त्यांना सोसत नाही, आणि तुमच्या हौदात त्याच्या हजारो पट आहे. चुन्यानं किंवा तुरटीनं बोरॉन बसत नाही, टाक्यातही काही होत नाही, जसंच्या तसं मुरतं. पण तुमचा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे, कारण हौद बदलायची गरजच नाही. जेवढं पाणी बांबूनं प्यायलं तेवढं नवं द्रावण भरा, कचरा कापडातून गाळून घ्या. घट्ट झालं तर पाणी, पातळ झालं तर पावडर. बांबू निथळायला ठेवता ती जागा उतरती करून थेंब परत हौदात येतील असं बघा.

तांबं-क्रोम-आर्सेनिकवालं लाकडाचं औषध कोणी घरी वापरत असेल तर ते मात्र बंद करा. त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

कापूसवेचा
माझं फर्निचर पॉलिशचं छोटं काम आहे. थिनर, टर्पेंटाइन, रॉकेलमध्ये ब्रश धुतो.

गवंडीदादा
ते टाक्यात टाकान तर बिडी पेटवणाऱ्या मानसाची खैर नाही.

निवृत्त_प्रयोगशाळा
बरोबर. वाफ झाकणाखाली साठते आणि ठिणगीची वाट बघते. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन बरणीत दोन दिवस झाकून ठेवा, रंग तळाशी बसेल, वरचं ओतून पुन्हा वापरा. तळचा गाळ जुन्या चिंध्यांवर, उघड्यावर, आगीपासून दूर वाळवा. तेलाच्या चिंध्या चुरगाळून ढीग करू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेटतात. फ्रेंच पॉलिशचंही तेच. मोरीत नाही.

पळसफूल
बाटिकच्या मेणाचं कोणीच बोललं नाही, ते मीच सांगते. कापड उकळताना मेण वर येतं, पाणी गार झालं की साय काढल्यासारखी वडी निघते, ती पुन्हा वापरता येते. गरम असताना मोरीत ओतलं की पाइपातच गोठतं. प्लास्टर ऑफ पॅरिसचंही असंच होतं म्हणतात मूर्तीवाले.

बरं, सगळं वाचून मी असं ठरवतेय, चुकत असेल तर टोका. शेडचा पाइप टाक्याला जोडायचा नाही. मोरीतून तीन वेगळी पिंपं. एकात नैसर्गिक रंग, तुरटी, हिराकस. दुसऱ्यात मोरचूद, पण खरं तर मोरचूद बंदच करावं म्हणते. हिरवा रंग निळीवर पळसाचा पिवळा चढवूनही येतो, जरा जास्त खपावं लागतं एवढंच. तिसऱ्यात मिठाचं पाणी. निळीचा हौद फेकायचा नाही, पुढं चालवत राहायचं, किंवा गूळ-चुन्याच्या निळीवर जायचं म्हणजे हायड्रोच नको.

अडकलंय ते मिठाच्या पाण्याशी. ते बसवता येत नाही, नालीत नको, टाक्यात नको, झाडाला नको. मग?

मुरूम_आणि_माती
ते उन्हाला द्या. विदर्भात दुसरं काही नसलं तरी ऊन आहे. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास पाणी उडून जातं, म्हणजे एका चौरस मीटरला दहा लिटर. तीन मीटर बाय दोन मीटरचं उथळ हौदाडं असेल तर दिवसाला साठ लिटर. शंभर लिटर दोन दिवसांत. हिवाळ्यात याच्या निम्म्याहून कमी धरा. पावसाळ्यात काहीच धरू नका. तेव्हा रिॲक्टिव्ह रंगाचं काम थांबवा किंवा पाणी पिंपात साठवा.

तळाला जाड ताडपत्री किंवा वॉटरप्रूफिंग केलेला सिमेंटचा गिलावा. वर पारदर्शक पत्रा चार बाजूंनी उघडा, म्हणजे पाऊस येणार नाही आणि वारा खेळेल. विहिरीपासून जागेचा जेवढा लांबचा कोपरा असेल तिथं. कुंपण पक्कं हवं.

झाडीपट्टी
कुंपणाचं खरंच मनावर घ्या जी. मीठ म्हटलं की बकऱ्या कुठूनही येतात चाटायला.

निवृत्त_प्रयोगशाळा
आणि मेंढ्यांना तांबं फार लवकर बाधतं. मोरचुदाचा गाळ उघडा ठेवू नका.

शिवाय मीठच कमी लागेल असं बघा. कापडाच्या वजनाच्या दहापट पाणी घेण्याऐवजी कमी पाण्यात रंगवलं की मीठ त्याच प्रमाणात घटतं. रंग ब्रशनं लावून, सोड्यात भिजवलेलं कापड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवलं तर मिठाशिवाय चालतं. स्टोलसारख्या लहान कापडाला ते अगदी सोयीचं.

पळसफूल
गुंडाळून ठेवायची पद्धत माहीत आहे, मोठ्या साडीला डाग राहतात म्हणून सोडली होती. स्टोलला करून बघते.

आता शेवटचं. हा जो वाळलेला गाळ आणि मीठ राहील ते कुठं? उकिरड्यावर नाही एवढं कळलं, उकिरडा शेतातच जातो.

वऱ्हाडी_मिरची
सिमेंटमध्ये कालवून ठोकळे पाडा. माझा एक दोस्त सर्किट बोर्ड कोरतो, तो तसंच करतो.

निवृत्त_प्रयोगशाळा
सिमेंटमध्ये धातू बऱ्यापैकी धरून राहतो हे खरं. पण मग तो ठोकळा विहिरीच्या कठड्याला किंवा न्हाणीला कोणी तरी वापरणारच, चांगली वीट फुकट कोण सोडतं? माझं मत असं: वाळलेला गाळ जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात भरा, वर ठळक अक्षरात काय आहे ते आणि साल लिहा, छपराखाली ठेवा. तुमच्या प्रमाणात तो डबा भरायला फार काळ लागेल. विदर्भातला घातक कचरा हाताळायची सामाईक सोय बुटीबोरीला आहे, पण ती उद्योगांसाठी. एकट्या घराचा एक डबा घेऊन जाण्यात अर्थ नाही. आसपासचे गट मिळून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारा. लेखीच. तोंडी विचारलं तर टोलवतात. वाळलेलं मीठ वेगळं ठेवा, पुढच्या गडद रंगाच्या हौदाला तेच वापरता येतं का पाहा. काळ्या, गडद निळ्याला चालून जाईल. सोडा मिसळलेला असतो, म्हणून नव्या सोड्याचं प्रमाण कमी करावं लागेल, आधी चिंधीवर करून बघा.

पितळकाम
आम्ही भंडाऱ्याचे चार-पाच जण मिळून पत्र देऊ शकतो. झाडीपट्टीताई, तुमचा गटही येईल का?

झाडीपट्टी
हो जी, का नाही. मसुदा करा, सह्या गोळा करते.

मुरूम_आणि_माती
ताई, पाइप जोडायचा नाही हे ठरलं तरी विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्या, पावसाळ्याआधी आणि नंतर. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत विचारा. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड असं बघतात, तांबं हवं असेल तर तसं आधी सांगून नमुना द्या आणि बाटली कोणती आणायची तेही विचारून घ्या. इतकी वर्षं पाणी नालीतून गेलंय, ते कुठं तरी मुरलंच असेल.

पळसफूल
देते नमुना. शेजारच्या दोन्ही घरी सांगूनच देते, नंतर कळण्यापेक्षा बरं.

दादा लोक, चुना कोणता आणू? पानाचा की कळीचा?

संत्रावाला
कळीचा आणा, पण बादलीत आधी पाणी घ्या अन् त्याच्यात खडे सोडा. खड्यावर पाणी टाकान तर उकळून तोंडावर उडते. रातभर मुरू द्या, सकाळी फडक्यानं गाळा. खडा पांढरा पाहून घ्या, राखी पडलेला अन् भुकटी झालेला मेलेला असते, त्याच्यात दम नसते.

गवंडीदादा
अन् प्लॅस्टिकच्या पातळ बादलीत मुरवू नका, लय तापते. लोखंडी घमेलं घ्या. ताई, मोरी वेगळी काढाची असंल तर उतार शेडच्या मागच्या अंगाले द्या, दीड इंच पुरते. नकाशा टाका इथंच, सांगतो.